वायर दातात होती आणि लाईट आली

आधीच सांगून टाकतो. खाली कॉमेंटमध्ये "दादा, वारा असेल" असं जो कोणी लिहील, त्याला मी जळगावला घरी बोलावून तो पंखा हातात देणार आहे. बोटाने फिरवून दाखव म्हणावं. फिरला तर मी कान धरून उठाबशा काढीन. नाही फिरला, तर मग गपगुमान चहा पिऊन जायचं आणि कॉमेंट डिलीट करायची!

मी भास्कर. वय बावन्न. जळगाव एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया बनवणाऱ्या एका कारखान्यात चोवीस वर्षं मेंटेनन्सला आहे. मोटारी, पॅनल, स्टार्टर, वायरिंग… सगळं माझ्याच गळ्यात. या ग्रुपवरचे अनुभव मी तीन वर्षं वाचतोय, आणि खोटं कशाला बोलू, हसायलाच वाचत होतो. कुठे दिवा आपोआप लागला, कुठे रेडिओ वाजला… मी बायकोला वाचून दाखवायचो आणि म्हणायचो, "बघ, न्यूट्रल लूज आहे यांचा." माझ्या लेखी भूत म्हणजे लूज कनेक्शन. दुसरं काही नाही.

आणि हे मी नुसतं म्हणत नव्हतो, सिद्ध करून दाखवलेलं आहे. असोद्याला आमच्या साडूंच्या केळीच्या शेतात विहिरीवरची मोटार रोज आपोआप चालू व्हायची. लोकांनी लिंबं कापली, नारळ फोडले, एक जण तर राखेचं रिंगण घालून गेला. मी गेलो, स्टार्टरचं झाकण उघडलं, आत पाल मरून चिकटलेली. कागदावर घेतली आणि बांधावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला नेऊन दाखवली, "हे घ्या तुमचं भूत!" तेव्हापासून सासुरवाडीत मला 'पालवाले पाहुणे' म्हणतात. सांगायचा मुद्दा हा, की मी असा माणूस आहे. आणि असा माणूस आता हे लिहितोय. कारण त्या दिवशी मी मेलो असतो. मेलोच असतो! शंभर टक्के!

तर नीट सांगतो.

आमचं घर जळगावहून असोद्याकडे जाताना अगदी शेवटच्या कॉलनीत. खाली दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर. स्वयंपाकघराच्या मागे एक बोळ, आणि त्या बोळाच्या टोकाला बाथरूम. पाच बाय चारचं असेल. वर, सात फुटांवर, भिंतीला गोल भोक पाडून त्यात एक्झॉस्ट फॅन बसवलेला. त्याचं बटण बाहेर बोळात, दाराच्या चौकटीशेजारी.

हा फॅन माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी बसवलेला. घर बांधलं तेव्हाचा. लोखंडी पाती, वजनाला चांगला दणदणीत. आबा स्वतः वायरमन. धुळ्याला कापसाच्या एका जिनिंगमध्ये तीस वर्षं काढली त्यांनी. मूळ गाव आमचं धुळ्याजवळचं, त्यामुळे आबा अजून घरात अहिराणीतच बोलतात. आता वय एक्याऐंशी, कमरेत थोडे वाकलेत, पण कान असे तीक्ष्ण की बाहेरून जाणाऱ्या मोटारसायकलचा प्लग खराब आहे हे खुर्चीत बसून सांगतात. त्या फॅनचं वाइंडिंग, म्हणजे आतली तांब्याची गुंडाळी, दोनदा जळालं, दोन्ही वेळा आबांनी स्वतःच्या हाताने भरलं. तिसऱ्यांदा जळालं ते यंदा, चैत्रात. या वेळी नुसतं वाइंडिंग नाही, पात्याचा शाफ्ट ज्यात फिरतो तो बुशसुद्धा जाम. पातं धरून जोर लावला तरी हलेना. आबांचे हात आता कापतात, त्यामुळे भरणार कोण? महिना झाला, फॅन तसाच वर बसून होता.

आणि मग आली आखाजी.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. अक्षय्य तृतीया म्हणजे आमच्या खान्देशात आखाजी. हा आमच्याकडे दिवाळीच्या तोडीचा सण. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, आंब्याचा रस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरायची. माझी एकुलती एक पोरगी पल्लवी, गेल्या हिवाळ्यात शिरपूरला दिली. ही तिची लग्नानंतरची पहिली आखाजी. ती आदल्या दिवशी सकाळीच आली होती, जावईबापू संध्याकाळी यायचे होते.

आता माझी बायको सुनंदा. आठ दिवस तिने माझं डोकं खाल्लं. "जावई पहिल्यांदा मुक्कामाला येताहेत. अंघोळ करून बाहेर आले की भाजीतल्या वांग्यासारखे वाफाळलेले दिसतील. कारखान्यातले शंभर पंखे चालतात तुमच्या हातांनी, घरातला एक चालत नाही!" मी म्हणालो आज करतो, उद्या करतो. शेवटी नवा फॅन आणून ठेवला, पण लावायचा मुहूर्त काही निघेना. आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी तिने तो खोक्यासकट माझ्या ताटाशेजारी आणून ठेवला. "हा लागल्याशिवाय आज चहा नाही." संपलं. उठलो.

साडेबारा वाजले असतील. ऊन असं की अंगणातली चप्पल पायात घालवेना. घराची दारं-खिडक्या बंद, उन्हाळ्यात आमच्याकडे तशाच असतात, नाहीतर घराची भट्टी होते. आणि बाराच्या सुमारास लाईट गेलेली. उन्हाळ्यात आमच्या भागात हे चालूच असतं, एकदा गेली की दीड-दोन तास बघायचं नाही.

आता इथे माझी चूक. मोठी चूक, गाढवाची चूक, आणि ती मी झाकणार नाही. आमच्याकडे सगळे करतात ती. लाईट गेली की वायरिंगचं काम काढायचं. मेन बंद करायला बोर्डापर्यंत कोण जाणार? लाईट तर गेलेलीच आहे ना! आयतीच सोय. कारखान्यात मी पोरांना याच गोष्टीवरून शिव्या घालतो. लॉक लावल्याशिवाय पॅनलला हात लावला तर घरी पाठवतो. आणि स्वतःच्या घरात… जाऊ द्या.

मी स्टूल घेऊन बोळातून निघालो तर हॉलमधून आबांचा आवाज आला.

"मेन पाडा का रे, भास्कर?"

"आबा, लाईटच नाहीये. मेन काय पाडायचा?"

"लाईट गयी म्हणजे मरी गयी का?" आबा म्हणाले. "मेन पाड आधी."

"हो हो, पाडतो," मी म्हणालो. आणि नाही पाडला. लहानपणापासून ऐकत आलोय हे वाक्य. पन्नास वर्षांचा माणूस झालो तरी बाप अजून मेन पाडायला सांगतो, याचा रागच येतो खरं तर. मनात म्हटलं, चोवीस वर्षं हेच करतोय मी!

जुना फॅन काढला. वायर पकडीने कापली, साधारण वीतभर तुकडा फॅनलाच राहिला. फॅन खाली आणून बोळात, बाथरूमच्या दारासमोर वर्तमानपत्र अंथरून त्यावर उताणा ठेवला, पाती वर करून. सवय म्हणून पात्याला बोट लावलं. जाम. हलला नाही. हे लक्षात ठेवा.

मग पुन्हा स्टुलावर चढलो. स्टूल लोखंडी, पायांची रबरं कधीच झिजून गेलेली. सुनंदाने जावयासाठी म्हणून सकाळीच बाथरूम घासून धुतलेलं, फरशी अजून ओलीच. मी अनवाणी. भिंतीतून आलेल्या वायरची टोकं काळी पडून कडक झाली होती, ती कापली आणि नवीन टोक सोलायला घेतलं. सोलायची पक्कड खाली पिशवीत. पुन्हा उतरायचा कंटाळा. आता जे कोणी वायरमन हे वाचत असतील, त्यांना कळलंच असेल मी काय केलं. लाल वायर ओढली, दातात धरली आणि सोलायला लागलो. सगळे वायरमन करतात. माझा पुढचा एक दात त्यानेच झिजलाय. आणि तोल जाऊ नये म्हणून डाव्या हाताने शॉवरचा लोखंडी पाइप घट्ट धरलेला.

आणखी एक. त्या फॅनचं बटण चालूच होतं. महिनाभर जळालेल्या फॅनचं बटण खाली आहे की वर, कोण बघतं?

म्हणजे कसं झालं ते बघा. फेजची, म्हणजे करंट येतो ती वायर दातात. दुसरा हात पाण्याच्या पाइपाला. पाय ओले, स्टूल लोखंडी, फरशी ओली. बटण चालू, मेन चालू. माणसाला मारायचं म्हणून कोणी बसून आखलं असतं तरी इतकं पद्धतशीर जमलं नसतं!

सोलता सोलता प्लास्टिक सुटलं आणि तांबं दाताला लागलं, तीच ती चव, वायरमनला ओळखीची. आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरातला फ्रीज धडधडला. स्टॅबिलायझर टक्क वाजला. हॉलमधला पंखा घरघरला, टीव्ही बोलायला लागला आणि पल्लवी ओरडली,

"लाईट आलीऽऽ!"

देवाशप्पथ सांगतो, मला हलताच येईना. मला वाटलं, पकडलं. करंटने पकडलंय आणि मला ते कळत नाहीये. कारखान्यात एकाला चिकटलेलं बघितलंय मी, तो ओरडूसुद्धा शकला नव्हता. डोक्यात काय आलं माहितीये? पल्लवीचा सण. आमच्याकडे सणाच्या तोंडावर घरात माणूस गेला, की तो सण बंद होतो. घरात पुन्हा त्याच दिवशी काही शुभ घडेपर्यंत करायचा नाही. मला एवढंच दिसत होतं, पोरीची पहिली आखाजी आणि तीच शेवटची. तिच्या सासरचे दरवर्षी आखाजी करतील, झोके बांधतील, आणि ही कोपऱ्यात बसून बापाचं वर्षश्राद्ध मोजेल… एवढं सगळं एका श्वासात डोक्यातून गेलं.

पण करंट काही लागेना. काहीच नाही. तांबं दातात, जीभ त्याला टेकलेली, आणि साधी मुंगीसुद्धा नाही.

आणि मग खालून आवाज आला. खर्र… खर्र… घर्रर्र…

मी मान न हलवता डोळे खाली केले. बोळात, वर्तमानपत्रावर, तो जुना फॅन फिरत होता.

हळूहळू नाही फिरत होता. आधी एक झटका, मग अर्धा फेरा, मग एकदम स्पीड! पाती दिसेनाशी झाली. वर्षानुवर्षांची जळमटं, धूळ भसाभस उडाली. खालचं वर्तमानपत्र फडफडत होतं. आणि तो वीतभर वायरचा तुकडा? कागदावर पडलेला, दोन्ही टोकं मोकळी, एकमेकांपासून चार बोटं लांब. कशालाच लावलेली नाहीत! मी स्वतः कापली होती ती, पाच मिनिटांपूर्वी.

तेवढ्यात सुनंदा स्वयंपाकघरातून बोळात आली, हातात वाटलेल्या पुरणाचं पातेलं. तिने फॅनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि म्हणाली,

"झाला की हा नीट! मग नवा कशाला आणला?"

मंडळी, हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. तिला वाटलं मी दुरुस्त करून चालू केलाय. तिच्या साडीचा पदर त्याच्या वाऱ्याने उडत होता! आता सांगा, दोघांना एकाच वेळी भास होतो का? आणि भासाने पदर उडतो का?

मी तिला काहीतरी सांगायला म्हणून तोंड उघडलं. अक्षरशः "सु" एवढंच निघालं. वायर दातातून सुटली, खाली झुलली, आणि तिचं उघडं टोक शॉवरच्या पाइपाला लागलं.

फाड्ड!

निळी ठिणगी, जळका वास, पाइपावर काळा डाग. बोर्डावरचा फ्यूज उडाला. पूर्ण घराची लाईट गेली. म्हणजे लक्षात येतंय का? त्या वायरमध्ये करंट होता. जिवंत फेज होती ती, ठणठणीत, फ्यूज उडवण्याइतकी! जी दोन सेकंदांपूर्वी माझ्या जिभेवर होती. पाइप तोच, जो माझ्या डाव्या हातात होता. ठिणगी माझ्या हातापासून एक वीत वर उडाली.

आणि खाली तो जुना फॅन हळूहळू मंदावला. दोन फेरे, एक फेरा, आणि थांबला.

किती वेळ चालला? मी म्हणतो दहा सेकंद. सुनंदा म्हणते पंधरा-वीस तरी, कारण ती पातेलं घेऊन उभी होती आणि तिचा हात भरून आला होता.

मी स्टुलावरून कसा उतरलो मला आठवत नाही. बोळात येऊन भिंतीला टेकून बसलो. सुनंदा घाबरली. "अहो, काय झालं? पांढरेफटक पडलात!" मी फक्त बोट दाखवलं, आधी वर लोंबणाऱ्या वायरकडे, मग खाली फॅनच्या तुटक्या शेपटीकडे. तिने बघितलं. ती वायरमनची सून आणि वायरमनची बायको आहे, तिला शिकवावं लागत नाही. पातेलं तिच्या हातातून सुटलंच. पुरण बोळभर झालं.

आवाजाने आबा आले. काठी टेकत, जमेल तेवढ्या घाईने. त्यांनी पाइपावरचा काळा डाग बघितला. बटण बघितलं. माझ्या ओठाला चिकटलेला लाल प्लास्टिकचा तुकडा बघितला. आणि काय झालं असेल ते त्या म्हाताऱ्याला एका नजरेत कळलं.

सणसणीत कानाखाली वाजवली मला! बावन्न वर्षांचा मी, बायको समोर, लग्न झालेली पोरगी दारात उभी. आणि लागली हो, चांगली लागली. एक्याऐंशीचा हात आहे असं वाटलं नाही.

"मरनं व्हतं का तुले?" एवढंच म्हणाले. मग काठी टाकून माझ्यासमोर उकिडवे बसले, माझी हनुवटी धरली. "तोंड उघाड. दात दखाड." मी लहान पोरासारखं तोंड उघडलं. त्यांनी खिशातला मोबाइल काढून त्याच्या टॉर्चने एक-एक दात बघितला, जीभ बघितली, हाताचे तळवे उलटे-सुलटे करून बघितले. कुठेही काही नव्हतं. साधा डागसुद्धा नाही. मग ते तिथेच बसून रडायला लागले. मी आबांना फक्त आई गेली तेव्हा रडताना बघितलंय. पल्लवी धावत येऊन त्यांच्या गळ्यात पडली, सुनंदा रडायला लागली, आणि मी, खरं सांगतो, मीही रडलो. काय सण आणि काय जावई, सगळे बोळात पुरणात बसून रडतोय!

आता तपासणीचं सांगतो, कारण तुम्ही ती विचारणारच. मी पण केलीच की. रक्तातच आहे.

तासाभराने हातपाय ठिकाणावर आल्यावर मी फॅनला बोट लावलं. जाम! जसा आधी जाम होता, तसाच. पक्कड लावून पातं ओढलं तरी हलेना. मीटर लावला, वाइंडिंग तुटलेलं. आमच्याकडे इन्व्हर्टर नाही. दारं-खिडक्या बंद. झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं, आणि हललं असतं तरी जाम बुश वाऱ्याने फिरतो का? पुढच्या आठवड्यात फॅन कारखान्यात नेला, आमच्या इंजिनिअर साहेबांसमोर खोलला. हुशार माणूस, मी त्यांना मानतो. आत वाइंडिंग कोळशासारखं काळं, बुश शाफ्टला चिकटून एकजीव झालेला. साहेब म्हणाले, "भास्करराव, वायरला करंट आला नाही त्याचं एक वेळ सांगता येईल. बटणाचा कॉन्टॅक्ट सैल असेल, उशिरा लागला असेल." मी म्हणालो, बरं, मानलं. आणि हा फॅन, साहेब? माझ्या बायकोने डोळ्यांनी बघितलेला? साहेबांनी फॅन उलटा केला, सुलटा केला, शाफ्टला नाक लावून वास घेतला. मग म्हणाले, "चहा सांगू का?" झालं! एवढंच निघालं त्यांच्या तोंडून.

पण मी लिहायला बसलो ते यासाठी नाही. मला खरा हादरा बसला तो दुसऱ्या दिवशी, आखाजीला.

सकाळी घागर भरायची असते. आमच्याकडे आईच्या नावाची एक आणि आजोबा-पणजोबांची मिळून एक, अशा दोन मातीच्या घागरी दरवर्षी भरतो. वर खरबूज, आंबा, दिवा. आबा पाटावर बसून सगळं करतात. त्या दिवशी बघतो तर आबांच्या समोर तीन घागरी. तिसरी छोटी, त्यांनी सकाळीच शेजाऱ्याच्या पोरीला पाठवून मागवून घेतलेली.

सुनंदाने विचारलं, "आबा, ही कोणाची?"

आबांनी आधी पाणी ओतलं, आंबा ठेवला. मग म्हणाले, "दगडूनी."

दगडूची? कोण दगडू? आमच्या भाऊबंदकीत दगडू नावाचा कोणी नाही. घरातल्या माणसाशिवाय परक्याची घागर आमच्याकडे कोणी भरत नाही. मी विचारलं, आणि आबांनी सांगितलं. थांबत थांबत, घागरीकडे बघत. त्यांच्या ऐंशी वर्षांत पहिल्यांदा, आईलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं म्हणे.

दगडू म्हणजे जिनिंगमधला त्यांचा जोडीदार. दोघे एकाच वयाचे, एकाच डब्यात जेवणारे. लाईट गेलेली होती. एका मोटारीची वायर बदलायची होती. दगडूनाना मेन पाडायला निघाले, मेन कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला. आबांनीच त्यांना थांबवलं. जेवायची वेळ झाली होती, भूक लागली होती, काम लवकर उरकायचं होतं. आबा म्हणाले, कशाला जातोस एवढ्या लांब.

"मीच सांगेल व्हतं त्याले," आबा म्हणाले. "दोन घंटा लाईट येवाव नही. सोल वायर."

दगडूनानांनी वायर दातात धरली. आणि लाईट आली.

पल्लवीने तोंडावर पदर घेतला होता. मी आयुष्यभर त्या "मेन पाडा का रे" ला चिडत आलो. मला वाटायचं, म्हाताऱ्याचा माझ्यावर विश्वास नाही. माझं काम बघायचं आणि टोकायचं, एवढीच खोड. आणि हा माणूस पन्नास वर्षं तो एक शब्द स्वतःलाच सांगत होता… मला लाज वाटली. एवढी लाज कधीच वाटली नव्हती.

मग माझ्या तोंडून निघूनच गेलं. मी, पालवाला भास्कर, मी विचारलं, "आबा, तो फॅन जिनिंगमधला होता का?"

"नही. बठ्ठं सामान जयगावनाच बाजारमधलं शे." म्हणजे सगळं जळगावातलंच.

"मग दगडूनानाच होते का ते?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, हो म्हणतील. तसं म्हणाले असते तर बरं झालं असतं, मला धरायला काहीतरी मिळालं असतं.

"माले काय माहीत?" ते म्हणाले. "त्याले मी वाचाडू शकनू नही. तू वाचना. माले तेवढं बस शे."

मग त्यांनी तिसऱ्या घागरीला हात जोडले, आणि बराच वेळ जोडलेलेच ठेवले. बाहेर कॉलनीतल्या पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या. सुनंदाने पल्लवीला खूण केली, जा, तूही जा, आणि पल्लवी डोळे पुसत गेली.

लोक मला आता विचारतात, मग काय, मानायला लागलास का? खरं सांगू? मला नाही माहीत. जाम झालेला, जळालेला, कशालाच न जोडलेला पंखा का फिरला, आणि माझ्या तोंडातली फेज तेवढा वेळ मेल्यासारखी का पडून राहिली, याचं उत्तर माझ्याकडे नाही. चोवीस वर्षांचा अनुभव उलटासुलटा करून बघितला, अजून नाही. मला ते हवंय. रोज रात्री डोकं खाजवतो त्यावर. आबांना विचारलं तर ते चिडतात. म्हणतात, पोरगं घरात आहे, जेवतंय, अजून काय शोधतोस?